संशयाचे वाचन : ‘बियॉन्ड ईव्हिल’मधील पात्रे आणि प्रेक्षकांचे तर्क

दूरचित्रवाणी मालिका हा गंभीर समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे मराठी अभ्यासकांनी तत्त्वतः मान्य केलेले आहे. तथापि मालिका पाहत असताना प्रेक्षक तिच्यातील पात्रांविषयी तर्क बांधतो, दोन भागांच्या मधल्या दिवसांत ते तपासतो, इतरांच्या तर्कांशी ताडून पाहतो आणि पुढील भागानंतर त्यांतील काही टाकून देतो, या व्यवहाराकडे मात्र रिकामपणाचा उद्योग म्हणूनच पाहिले जाते. ‘फॅन थिअरी’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार कोरियन रहस्यमालिकांच्या संदर्भात विशेष फोफावला आहे. प्रस्तुत लेखात ‘बियॉन्ड ईव्हिल’ या १६ भागांच्या मालिकेच्या आधारे त्याचे स्वरूप तपासले आहे. जेटीबीसी या वाहिनीवर १९ फेब्रुवारी ते १० एप्रिल २०२१ या काळात ती प्रसारित झाली. तिचे मूळ कोरियन नाव ‘ग्वेमुल’, म्हणजे राक्षस. लेखन किम सू-जिन यांचे आणि दिग्दर्शन शिम ना-यॉन यांचे आहे. प्रेक्षकाचा तर्क बरोबर ठरला की चुकला, एवढाच प्रश्न येथे अभिप्रेत नाही. पुरावा बरोबर वाचूनही माणूस चुकीचा वाचला जाऊ शकतो, आणि या मालिकेची रचनाच त्या शक्यतेवर उभी आहे, हे येथे दाखवावयाचे आहे. मालिका न पाहिलेल्या वाचकाचा रसभंग टाळणे अशा विवेचनात शक्य नाही.

कोरियन प्रेक्षकांच्या बोलीत या व्यवहारासाठी स्वतःचे शब्द आहेत. लेखकाने पेरलेल्या खुणेला ते ‘त्तॉकबाप’ म्हणतात. मासे धरण्यासाठी पाण्यात टाकावयाच्या आमिषाचे हे नाव. पुढे त्या खुणेचा उलगडा झाला, की आमिष परत गोळा केले असे म्हटले जाते. उलगडा न होता मालिका संपली, तर लेखकाला त्याचा जाब द्यावा लागतो. दुसरा शब्द अधिक अर्थपूर्ण आहे. पुरेशा आधाराविना एखाद्याच्या मनातले ओळखल्याचा दावा करणे याला ‘गुंग्ये-जिल’, म्हणजे गुंग्येगिरी, असे म्हणतात. गुंग्ये हा इ. स. ९०१ मध्ये उत्तरकालीन गोगुर्यो राज्य स्थापन करणारा आणि ९१८ मध्ये पदच्युत झालेला राजा. तो स्वतःला मैत्रेय बुद्ध म्हणवीत असे आणि आपणास इतरांचे अंतःकरण दिसते असा त्याचा दावा होता. त्या दाव्याच्या बळावर त्याने अनेकांना, खुद्द आपल्या राणीलाही, मृत्यूच्या दारी धाडले, असे परंपरा सांगते. केबीएस वाहिनीवरील २००० ते २००२ या काळातील ‘थेजो वांग गॉन’ या ऐतिहासिक मालिकेत हा राजा घराघरांत पोहोचला. भर दरबारात एक माणूस खोकतो, आणि राजा त्याच्या मनात पाप आहे असे सांगून त्याचा जीव घेतो, हा त्यातील प्रसंग कोरियात सर्वतोमुखी आहे. आपल्या तर्कबांधणीला नाव देताना प्रेक्षकांनी नेमका हा राजा निवडावा, यात विनोद आहे खरा. पण स्वतःच्या व्यवहारातील धोका त्यांनी किती अचूक ओळखला आहे, तेही त्यातून दिसते. खोकणे हा पुरावा खराच होता. कोणीतरी खोकले होते. चूक झाली ती खोकल्याचा अर्थ लावण्यात.

या प्रकारच्या वाचनाला पूर्वपरंपरा नाही असे नव्हे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांतील विसंगती शोधून त्यांवर पांडित्यपूर्ण निबंध वाचला. बायबलच्या तत्कालीन पाठचिकित्सेची ती थट्टा होती. पुढील पिढ्यांतील होम्सभक्तांनी मात्र ती थट्टाच अभ्यासपद्धती म्हणून स्वीकारली. ए. सी. ब्रॅडली यांच्या १९०४ मधील शेक्सपिअरविषयक ग्रंथातही नाटकात न दाखवलेल्या घटनांविषयी बारीक विचार आढळतो. लेडी मॅकबेथला मुले किती होती, असा उपरोधिक प्रश्न एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये केला, तो याच प्रवृत्तीला उद्देशून. नाटक ही शब्दरचना आहे. पात्रे म्हणजे पडद्याआड स्वतंत्र आयुष्य जगणारी माणसे नव्हेत, हा त्यांचा आक्षेप. इंग्रजी विभागांतून अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तो पाठ केला आहे. आजच्या प्रेक्षकाच्या तर्कांना तो जसाच्या तसा लावता येईल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु रहस्यकथेच्या बाबतीत तो पूर्णतः टिकत नाही, कारण पडद्याआड काय घडले हा प्रश्न विचारण्याचे निमंत्रण स्वतः ती कथाच देत असते. झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये मांडल्याप्रमाणे अशा कथेत दोन कथा असतात: एक गुन्ह्याची, जी आपल्यासमोर घडत नाही, आणि दुसरी तपासाची, जी आपल्यासमोर घडते. तर्क बांधणारा प्रेक्षक या दोहोंच्या जोडीला तिसरी कथा रचतो. पिएर बेयार यांनी १९९८ मधील आपल्या फ्रेंच ग्रंथात अॅगाथा ख्रिस्ती यांच्या प्रसिद्ध कादंबरीतील पॉयरॉचा निष्कर्षच चुकीचा ठरवला आणि दुसरा गुन्हेगार पुढे केला. ही तिसरी कथा मूळ लेखकालाही आव्हान देऊ शकते, याचे ते उदाहरण होय. जेसन मिटेल या अभ्यासकाने दूरचित्रवाणीच्या अशा प्रेक्षकवर्गाला न्यायवैद्यक तपासनिसाची उपमा दिली आहे. चौकट थांबवून पाहणारा, मागे जाऊन पुन्हा ऐकणारा हा प्रेक्षक निष्क्रिय नसतो, हे मिटेल यांचे म्हणणे मान्य करावे लागते. तो न्यायाधीशही होऊन बसतो, याकडे मात्र त्यांच्या विवेचनात पुरेसे लक्ष दिलेले नाही.

जगभर गाजलेल्या ‘स्क्विड गेम’च्या पहिल्या पर्वानंतर २०२१ मध्ये जे तर्क पसरले, त्यांवरून या व्यवहाराच्या दोन पातळ्या स्पष्ट होतात. क्रमांक ००१ चा वृद्ध स्पर्धक ओ इल-नाम हाच खेळाचा कर्ता आहे, हे सूचित करणाऱ्या खुणा संहितेत खरोखरच होत्या. रात्रीच्या दंगलीत तो भेदरून ओरडतो आणि लगेच वरून दंगल थांबवली जाते, ही त्यांतील सर्वांत ठळक. याउलट तो नायक गी-हुनचा पिता असावा, हा तर्क दोघांच्या आठवणींतील गल्लीबोळांच्या साम्यावर आणि काही सारख्या वाटणाऱ्या तपशिलांवर उभा होता. लाल पत्ता निवडणारा रखवालदार होतो आणि निळा निवडणारा स्पर्धक, हा तर्कही असाच डौलदार, पण निराधार. २०२४ मधील दुसऱ्या पर्वात उत्तर कोरियातून आलेल्या एका स्त्री-रखवालदाराची स्वतंत्र कथा आहे. तीत अशा निवडीचा मागमूसही नाही. यांपैकी पहिला तर्क संहितेचे वाचन आहे. उरलेले दोन म्हणजे संहितेविषयीची इच्छा आहे. पितापुत्राच्या तर्कामागची इच्छा तर सहज ओळखता येते: ज्या व्यवस्थेने शेकडो माणसे मारली, तिच्या मुळाशी निदान रक्ताचे नाते असावे, म्हणजे त्या क्रौर्याला काही अर्थ मिळेल. लेखक-दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक यांनी तो दिलासा दिला नाही. इल-नामला कंटाळा आला होता, एवढेच कारण त्यांनी दिले. तेच अधिक भयंकर आहे.

‘बियॉन्ड ईव्हिल’मध्ये प्रश्न याहून गुंतागुंतीचा होतो. मान्यांग या काल्पनिक गावात वीस वर्षांपूर्वी एका स्त्रीचा खून झाला आणि ली यु-यॉन ही तरुणी बेपत्ता झाली. मागे उरली ती तिच्या बोटांची टोके. तिचा जुळा भाऊ ली दोंग-शिक याच्यावर संशय आला, पोलिसांनी त्याला धरले. मित्र पार्क जॉंग-जे याच्या साक्षीने तो सुटला, पण घर उद्ध्वस्त झाले. तोच दोंग-शिक आज गावच्या पोलीस चौकीत हवालदारी करतो. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा असलेला हान जू-वॉन त्याचा जोडीदार म्हणून तेथे येतो, तो मुळात त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठीच. थोड्याच दिवसांत गावातील दुकानदार कांग जिन-मुक याची मुलगी मिन-जॉंग नाहीशी होते आणि तिच्या बोटांची दहा टोके दुकानासमोर मांडलेली आढळतात.

आरंभीच्या भागांत बहुसंख्य तर्क दोंग-शिकभोवती फिरावेत, अशीच येथे योजना आहे. शिन हा-ग्युन या नटाने त्याला दिलेले हसणे ठिकाण चुकलेले आहे. जेथे दुःख अपेक्षित आहे तेथे तो हसतो, जेथे उत्तर द्यावयाचे तेथे प्रश्न विचारतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर आवश्यकतेपेक्षा क्षणभर अधिक रेंगाळतो. शिवाय प्रेक्षकाला गावात आणणारा जू-वॉन आहे, आणि त्याचा संशय हीच आपली पहिली दृष्टी होते. संशयाचे दुसरे वर्तुळ जॉंग-जेभोवती, तिसरे मांसाचे दुकान चालवणाऱ्या यू जे-इ हिच्याभोवती. हाती सुरा असलेल्या बाईकडे रहस्यमालिकेचा प्रेक्षक सरळ नजरेने पाहत नाही, ही या प्रकाराची जुनी खोड. जे-इची आईदेखील बेपत्ता आहे आणि ती मुलगी वर्षानुवर्षे आईचा मृतदेह शोधते आहे, हे समजल्यावर त्या नजरेची आपल्यालाच शरम वाटू लागते.

खरा खुनी कांग जिन-मुक निघतो. अडखळत बोलणारा, केविलवाणे हसणारा, मुलीच्या काळजीने खचलेला बाप. ली ग्यु-हे या नटाचे काम येथे असामान्य आहे. विशेष म्हणजे हे रहस्य मालिकेच्या पूर्वार्धातच फुटते आणि आठव्या भागापर्यंत जिन-मुक कोठडीत मरूनही जातो. ‘कोण’ या प्रश्नाभोवती बांधलेल्या सर्व तर्कांचा आधार अर्ध्या वाटेवरच नाहीसा होतो. लेखिकेची खरी धिटाई या निर्णयात आहे. आपल्या परिचयाची रहस्यकथा, मग ती बाबूराव अर्नाळकरांची असो वा ख्रिस्तीबाईंची, उत्तर शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून ठेवते, कारण उत्तर मिळाले की वाचकाचा तिच्याशी असलेला करार संपतो. किम सू-जिन यांनी तो करार मध्येच फाडला आहे.

परंतु दोंग-शिकविषयीच्या तर्काचे पुढे काय झाले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. बोटांची टोके दुकानासमोर मांडणारा माणूस दोंग-शिकच होता, हे कालांतराने उघड होते. ती त्याला स्वतःच्या घरात सापडली होती. तसे त्याने कळवले असते, तर वीस वर्षांपूर्वीप्रमाणे संशय त्याच्यावरच आला असता आणि जिन-मुक पुन्हा निसटला असता, असा अर्थ घटनाक्रमातून निघतो. म्हणजे त्याच्या हालचालींत काहीतरी लपवलेले आहे, त्या रात्री तो तेथे होता, त्या बोटांशी त्याचा संबंध आहे, असे ताडणाऱ्या प्रेक्षकाने एकही खूण चुकीची वाचली नव्हती. प्रत्येक निरीक्षण खरे होते. त्यावरून काढलेला ‘म्हणून हाच खुनी’ हा निष्कर्ष तेवढा खोटा होता. सामान्यतः तर्क फसतो तो दृष्टी अपुरी पडल्यामुळे; येथे दृष्टी पुरेशी असूनही तो फसतो. कारण तर्क बांधणाऱ्याच्या मनात लपवणे आणि गुन्हा यांच्यामध्ये तिसरी जागाच नव्हती. छळलेला माणूस खरे बोलण्याचे साधन म्हणून खोटे करतो, ही ती तिसरी जागा. मान्यांगमधील पोलिसांना वीस वर्षांपूर्वी ती दिसली नाही. सुशिक्षित, काटेकोर, हातमोजे घालून वावरणाऱ्या जू-वॉनला ती फार उशिरा दिसते. प्रेक्षकाला ती जू-वॉनबरोबर दिसते, आधी नाही. त्यामुळे जू-वॉनच्या लज्जेत आपला वाटा आहे, हे त्याला नाकारता येत नाही.

तरीही दोंग-शिक निर्दोष ठरत नाही, हे महत्त्वाचे. मृत मुलीच्या अवशेषांशी केलेली ती लबाडी कायद्याने गुन्हाच आहे. अखेरच्या भागात तो स्वतःच जू-वॉनकडून हातकड्या घालून घेतो. सहानुभूती जिंकलेल्या नायकाला अशा वेळी सोडून देण्याची मुभा लोकप्रिय कथनात असते. ती न घेतल्यामुळे प्रेक्षकाच्या पहिल्या संशयालाही एक विलक्षण न्याय मिळतो: माणूस चुकीचा ओळखला, पण कृत्य खरे होते आणि त्याची किंमतही चुकवली गेली.

जिन-मुक मरताना एक वाक्य मागे ठेवतो. यु-यॉनला आपण मारले नाही, असा त्याचा आशय. तिचा देह तर दोंग-शिकच्याच घराच्या भिंतीत सापडलेला असतो. येथून उत्तरार्ध सुरू होतो आणि तर्कांची जातही पालटते. आता प्रश्न असा, की त्या रात्री रस्त्यावर कोण होते आणि नंतर कोणी तोंड मिटले. जॉंग-जेला आपल्या हातून अपघात झाल्याचे वाटत आले आहे. त्याची नगरपरिषदेतील आई दो हे-वॉन ते दडपते. बांधकाम व्यावसायिक ली चांग-जिन आपला लाभ पाहतो. आणि पोलीस दलाच्या सर्वोच्च पदाकडे निघालेला हान गी-ह्वान, म्हणजे जू-वॉनचा बाप, याच्याच गाडीखाली मूळ घटना घडलेली असते. या टप्प्यावर ज्या प्रेक्षकांचे तर्क नेमके ठरले, त्यांनी चेहरे वाचणे सोडून हितसंबंध वाचावयास घेतले होते. कोण घाबरलेला दिसतो यापेक्षा मौनाचा फायदा कोणाला, हा प्रश्न अधिक फलदायी ठरला. तर्कबांधणीची ही प्रगल्भ अवस्था म्हणावी लागेल.

मात्र कलाकृती म्हणून उत्तरार्ध पूर्वार्धाच्या तोलाचा नाही, हेही नमूद केले पाहिजे. भ्रष्ट पोलीस अधिकारी, महत्त्वाकांक्षी राजकारणी आणि बिल्डर ही त्रयी कोरियन मालिकांत इतकी रुळलेली आहे, की तिच्या दर्शनाने प्रेक्षकाला धक्का बसण्याऐवजी हायसे वाटते. शेजारच्या दुकानात बसणारे, आपल्याशी रोज हसून बोलणारे क्रौर्य पूर्वार्धात होते. उत्तरार्धात ते पुन्हा सोयीस्करपणे वरच्या मजल्यावर जाऊन बसते. बेक्सांग पुरस्कारांत २०२१ साली या मालिकेला सर्वोत्कृष्ट मालिका, अभिनेता आणि पटकथा असे तीन मान मिळाले; त्यांपैकी पटकथेचा मान मुख्यतः पहिल्या आठ भागांचा आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

याच संदर्भात ली सू-यॉन यांनी लिहिलेल्या ‘स्ट्रेंजर’ या मालिकेचे स्मरण होते. टीव्हीएन वाहिनीवरील २०१७ च्या या मालिकेतील सरकारी वकील ह्वांग शी-मोक याच्यावर बालपणी मेंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्याच्या भावना जवळजवळ लोपल्या आहेत. खुनाच्या जागी पहिल्यांदा पोहोचणारा तोच, आणि ज्याचा चेहराच वाचता येत नाही असाही तोच. साहजिकच संशयाची सुई त्याच्यावरही गेली. तेथे एक जखमी मुलगी शुद्धीवर येताना ‘शून्य, सात’ एवढेच पुटपुटते. तपास करणाऱ्यांनी आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकांनी त्या आकड्यांचे नाना अर्थ लावले. प्रत्यक्षात ते आकडे नव्हतेच. गोंदवलेली दोन रोमन अक्षरे अर्धवट शुद्धीत तिला तशी दिसली होती. संकेताची उकल करण्याच्या नादात, एका भेदरलेल्या मुलीने काय पाहिले असेल हा साधा प्रश्न मागे पडला. आणि ज्याच्या अंगावर ते गोंदण होते, तो कोणाच्या नजरेत न भरणारा कर्मचारी. शाळेच्या बसच्या अपघातात लहान मुलगा गमावलेला बाप. चेहऱ्याचे गूढ बाळगणाऱ्या पात्रांकडे तर्क धावतात आणि दुःख बाळगणाऱ्या पात्रापाशी ते थांबत नाहीत, हा अनुभव दोन्ही मालिकांत सारखाच येतो.

या तर्कव्यवहाराला पोषक ठरणारी प्रसारणाची रीतही लक्षात घ्यावी. कोरियन मालिका सहसा आठवड्यातून सलग दोन दिवस, प्रत्येकी तासाभराहून अधिक काळ दाखवली जाते. दुसऱ्या दिवसाचा भाग संपताना एखादे दृश्य अशा ठिकाणी तोडले जाते, की पुढील पाच दिवस त्याचाच विचार व्हावा. ‘स्क्विड गेम’सारखी सर्व भाग एकदम देणारी मालिका हा अवकाश ठेवत नाही, म्हणून तिच्याविषयीचे तर्क पर्व संपल्यानंतर, मागे वळून केलेले आढळतात. भारतीय प्रेक्षक ‘बियॉन्ड ईव्हिल’ पाहतो तेव्हा सोळाही भाग त्याच्यापुढे तयार असतात, त्यामुळे त्या मधल्या दिवसांतला अनुभव त्याच्या वाट्याला येत नाही. आणखी एक गोष्ट इंग्रजी उपशीर्षकांत हरवते. कोरियन भाषेत आदराच्या आणि सलगीच्या बोलण्याच्या क्रियापदरूपांसह वेगवेगळ्या पातळ्या आहेत, आणि कोण कोणाशी कोणत्या पातळीवर बोलतो ही पात्रांच्या संबंधांची मोठीच खूण असते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद करणाऱ्या मराठी माणसाला ती सहज उमगावी. पण एकाच इंग्रजी सर्वनामाच्या चाळणीतून गाळून आलेला संवाद वाचताना तोही तिला मुकतो.

संशयाचा हा खेळ कोरियाच्या सार्वजनिक स्मृतीत केवळ खेळ नाही. १९८६ ते १९९१ या काळात ग्योंगी प्रांतातील ह्वासॉंग परिसरात दहा स्त्रिया व मुलींचे खून झाले. बोंग जून-हो यांच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ या २००३ मधील चित्रपटाचा तो आधार. त्या चित्रपटाच्या अखेरीस माजी तपास अधिकारी थेट प्रेक्षागृहाकडे रोखून पाहतो, कारण तोवर न सापडलेला खुनी कदाचित तेथेच बसलेला असेल. खुन्याची ओळख २०१९ मध्ये डीएनए चाचणीमुळे पटली. तो दुसऱ्या एका खुनासाठी १९९४ पासून तुरुंगातच होता. पण त्या मालिकेतील आठव्या खुनासाठी एका निरपराध माणसाने सुमारे वीस वर्षे कारावास भोगला होता. त्याचा कबुलीजबाब पोलिसांनी बळाने मिळवलेला होता. फेरसुनावणीत तो निर्दोष ठरला, ते साल २०२०, महिना डिसेंबर. ‘बियॉन्ड ईव्हिल’चा पहिला भाग त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी प्रसारित झाला. मालिका त्या निकालावरून लिहिली गेली असे मुळीच नव्हे. तिचे लेखन अर्थातच आधीचे. परंतु चुकीच्या माणसावरील संशय म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नव्हते. त्या माणसाला धरणाऱ्या पोलिसांकडेही पुराव्यावरून बांधलेला एक तर्कच होता.

शेवटी एका पात्राचा विचार आवश्यक आहे, ज्याच्याविषयी तर्क जवळजवळ बांधलेच जात नाहीत. ली गुम-ह्वा ही कागदपत्रांविना कोरियात राहणारी स्त्री. मान्यांगला येण्यापूर्वी जू-वॉनने खुन्याला बाहेर काढण्यासाठी तिला सापळ्यातील आमिष म्हणून वापरले आणि ती नाहीशी झाली. पहिल्याच भागात बोरूच्या रानात सापडणारे अवशेष तिचे. कथानकाच्या दृष्टीने तिचा उपयोग तेवढ्यापुरता: जू-वॉनच्या अपराधभावाला कारण हवे, तपासाला आरंभ हवा. प्रेक्षकांच्या भाषेतही ती एक त्तॉकबाप, म्हणजे आमिषच ठरते. तिचा उलगडा झाला, की तिला गोळा करून बाजूला ठेवले जाते. जू-वॉनने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने मालिका पाहणाराही पाहतो. फरक इतकाच, की जू-वॉनला त्याची टोचणी लागते. दोंग-शिकला हातकड्या घालण्याची वेळ येते तेव्हा स्वतःच्या शिक्षेचा प्रश्न त्याच्या मनात आहे, तो तिच्यामुळे.

बेपत्ता व्यक्तींविषयीच्या कोरियातील २००५ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुले, अपंग व्यक्ती आणि पुढील दुरुस्तीने स्मृतिभ्रंशाचे रुग्ण यांना संरक्षण दिले. नाहीशी झालेली प्रौढ व्यक्ती त्या व्याख्येत बसत नाही. पोलीस दप्तरी ती घर सोडून गेलेली समजली जाते. जिन-मुकला वर्षानुवर्षे कोणी शोधले नाही, याचे एक कारण हे आहे. त्याची बायको पळून गेली, जे-इची आई निघून गेली, परदेशी बाई दुसऱ्या गावी गेली असेल, असा प्रत्येक वेळी गावाने आणि चौकीने एक सहज पटणारा तर्क बांधला होता. त्या तर्कांत कोणीही खुनी नव्हता, म्हणून ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटली नाही.